पडलेला राज्यपाल

परवा मंगरूळपीरहून भाची आली. यंदा दहावीला आहे, प्रश्नांची पोतडी सोबतच असते. चहा होतो न होतो तोच म्हणाली, "मामा, अमेरिकेत राज्यपाल निवडणुकीत पडतो, मग आपला का नाही पडत?"

खरंच पडतो तिकडे. केंटकी राज्यात २०१९ साली खुर्चीवर बसलेले मॅट बेविन अँडी बेशिअर यांच्याकडून हरले. मतदान चौदा लाखांवर, फरक जेमतेम पाच हजारांचा.

मी म्हटलं, "बाई गं, आपला उभाच राहत नाही, तर पडेल कुठून?"

पण वाचकहो, उभा राहणार होता! १९४८ च्या घटनेच्या मसुद्यात राज्यपाल थेट मतदानाने निवडावा असा एक पर्याय होता. दुसरा पर्याय असा, की विधिमंडळाने चार नावं निवडावी आणि राष्ट्रपतींनी त्यांतून एक घ्यावं. मे १९४९ मध्ये घटना समितीने दोन्ही बाजूला सारून नेमणूक स्वीकारली. एका राज्यात लोकांनी निवडलेले दोघे, मुख्यमंत्री आणि राज्यपाल, बसले तर खटके उडणार, ही भीती होती. बाबासाहेबांचं म्हणणं, ज्या पदाला फारसे अधिकारच नाहीत त्यासाठी निवडणुकीचा खटाटोप कशाला? २०१९ ची ती पहाटेची शपथ मुंबईच्या राजभवनात पाहिल्यावर हे पद बिनअधिकाराचं राहिलं असं मला तरी वाटत नाही.

आमच्या वाशिमने मात्र एक माजी राज्यपाल मतपेटीतून तपासून घेतला. सुधाकरराव नाईक १९९४-९५ मध्ये हिमाचलचे राज्यपाल होते. १९९८ ला वाशिमचे खासदार झाले. शेजारच्या अमरावतीत गाडी उलटी धावली. दारापूरचे रा. सू. गवई, दादासाहेब. १९९८ ला त्यांनी शिवसेनेच्या अनंत गुढे यांना हरवलं. त्या वर्षी रिपब्लिकनांचे चार खासदार दिल्लीत गेले: गवई, प्रकाश आंबेडकर, आठवले, कवाडे. वस्तीत दिवाळी नव्हती, पण दिवे लागले होते. वर्षभरात लोकसभा बरखास्त झाली, काँग्रेस फुटली, आणि आपले चौघेही एका दावणीला राहिले नाहीत. ऑक्टोबर १९९९ मध्ये विहाराच्या ओट्यावर रेडिओ लावून बसलो होतो. अमरावतीला गुढे आले, दादासाहेब पडले. चारांचे दोन उरले. कुणी कुणाला दोष दिला नाही. जो तो चप्पल शोधू लागला. तो गप्पपणा मला पराभवापेक्षा जास्त लागला.

"मग ते राज्यपाल कधी झाले?" भाचीने विचारलं.

"पडल्यानंतर. २००६ ला बिहार, २००८ ला केरळ."

"तिथल्या लोकांनी मतं दिली?"

"एकानेही नाही."

तिने वहीत तेवढंच टिपलं आणि दुसरा चहा मागितला.