गाडी आहे, ड्रायव्हर नाही



हा अंक छापखान्यातून वसईतल्या गासला आला तो टेम्पोने. दिवाळीच्या तोंडावर भाड्याची गाडी मिळणे किती कठीण, हे वालीव-सातिवलीच्या गाळेवाल्यांना आणि आमच्या वाड्यांतून फुले-भाजी मुंबईला धाडणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ‘गाडी नाही’ असे उत्तर येते, पण मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत गाड्या उभ्या दिसतात. कमी पडतो तो ड्रायव्हर.

22 सप्टेंबर 2025पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. 1 ऑक्टोबरपासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. दोन्ही निर्णयांचे स्वागत. पण रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांत माणूस इंजिनाच्या धगीतच बसतो, आणि स्वस्त झालेली गाडी चालवायला नवीन पोरगा येत नाही.

पूर्वी तो क्लिनर म्हणून यायचा. टायर बदलणे, ताडपत्री बांधणे, घाटात उस्तादाच्या शेजारी जागे राहणे, असे करत काही वर्षांनी स्टिअरिंग हाती यायचे. आज भाडे परवडत नाही म्हणून क्लिनर काढला जातो. 2025च्या जुलैमधल्या वाहतूकदारांच्या संपात ई-चलनाच्या दंडाबरोबरच क्लिनरची सक्ती काढा, हीही मागणी होती. मालकांची अडचण खरी आहे. तरी ती मागणी आम्हाला पटत नाही. ड्रायव्हर घडतो त्या जागेवरच कुणी बसले नाही, तर दहा वर्षांनी गाडी चालवणार कोण?

मोटार वाहतूक कामगारांच्या 1961च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. आपल्याकडे बहुतेक मालक एकदोन गाड्यांचे. ड्रायव्हरला पैसे फेरीवर मिळतात, ताटकळण्याचे नाहीत. घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी लागली की ससूनवघरपासून मागे रांग लागते. तिथे ना संडास, ना पिण्याचे पाणी.

2025च्या सप्टेंबरात पेल्हारहून चिमुकल्याला मुंबईला नेणारी रुग्णवाहिका याच महामार्गावरच्या कोंडीत अडकली आणि ते बाळ गेले. त्या आईबापांचा आक्रोश या भागाने विसरू नये. मात्र राग ट्रकवाल्यावर काढून रस्ता मोकळा होणार नाही. बंदीच्या वेळा नीट पाळल्या जाव्यात, आणि थांबवलेल्या गाड्यांना रस्त्याबाहेर जागा मिळावी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. चिंचोटी ते विरार फाटा या पट्ट्यात महापालिका आणि महामार्ग प्राधिकरणाने मिळून ट्रक टर्मिनस उभारावे: छप्पर, संडास, नळ आणि झोपायला खाटा. गाळेवाल्यांनी माल उतरेपर्यंत खोळंबलेल्या ड्रायव्हरला तासाप्रमाणे पैसे द्यावेत आणि आपल्या संडासाची किल्ली द्यावी. त्यासाठी कुठल्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. शेवटच्या पानावर निवेदन छापले आहे. सह्या करून ते कार्यालयात आणून द्या. दिवाळीनंतर आम्ही ते पालिकेत नेणार आहोत.

— संपादक