शब्दाची जात आणि शब्दाचे काम

पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी आपटा नावाचे गाव आहे. त्याच नावाचा एक वृक्षही आहे. दसऱ्याला त्याची पाने सोने म्हणून वाटतात. परंतु ‘कपडे दगडावर आपटा’ असे कोणी म्हटले, की तेथे ना गाव उरते, ना वृक्ष. ‘आपटा’ हे क्रियापद होते. तेव्हा नुसता ‘आपटा’ हा शब्द फळ्यावर लिहून त्याची जात विचारली, तर विद्यार्थ्याने काय उत्तर द्यावे? तो प्रश्नच अपुरा होय.

अर्थात, वृक्षाचे नाव आणि ‘आपटणे’ या क्रियेचे रूप हे मुळात दोन निराळे शब्द. त्यांचे रूप तेवढे जुळले आहे. इंग्रजीत याच्याही पुढची गोष्ट घडते. तेथे एकच शब्द, अर्थाचा धागा न सोडता, निरनिराळी कामे करतो. ‘वॉटर’ म्हणजे पाणी. हे नाम झाले. पण ‘वॉटर द प्लांट्स’ म्हटले, की तोच शब्द ‘पाणी घाला’ अशी आज्ञा करतो. ‘राउंड’ हा शब्द तर गोल मेजाचे विशेषण होतो, पहारेकऱ्याची फेरी होतो, वळसा घालण्याची क्रिया होतो आणि ‘झाडाभोवती’ यातील ‘भोवती’चेही काम करतो.

हे पाहून कित्येक विद्यार्थी इंग्रजीला बेशिस्त ठरवतात. हा आरोप रास्त नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रत्यय पुष्कळ होते. कालांतराने त्यांतील बरेचसे झिजले आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमाने उचलले. मराठीची शिस्त मुख्यतः प्रत्ययांत आहे, तर इंग्रजीची शब्दाच्या जागेत. म्हणूनच ‘बुक’ हा शब्द इंग्रजीत नाम आणि क्रियापद अशी दोन्ही कामे एकटा करतो. मराठीत मात्र त्याला ‘करणे’ची सोबत लागते. तिकिटाच्या खिडकीशी उभा असलेला माणूस ‘तिकीट बुक करतो’ म्हणतो, ‘तिकीट बुकतो’ म्हणत नाही.

तथापि मराठी शब्दही एकाच कामाला जखडलेला नसतो. ‘शहाणा मुलगा’ यात ‘शहाणा’ हे विशेषण आहे. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ या म्हणीत तेच नाम होऊन विभक्तीचा प्रत्यय घेते. ‘छान गाणे’ यात ‘छान’ विशेषण, ‘मुलगी छान गाते’ यात क्रियाविशेषण, आणि नुसते ‘छान!’ म्हटले, तर केवलप्रयोगी अव्यय.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. व्याकरणातील शब्दांच्या जाती हे भाषा समजून घेण्याचे साधन आहे. त्यांच्या याद्या तेवढ्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून हे साधन निसटते. मग तो ‘वॉटर द प्लांट्स’चा अर्थ ‘पाणी झाडे’ असा करतो आणि दोष मात्र भाषेला देतो.

एकच स्त्री घरी आई असते, शाळेत बाई असते आणि माहेरी लेक असते. ती कोण, हे ती कोठे उभी आहे यावरून कळते. शब्दाचेही तसेच आहे. म्हणून शब्दाची जात सांगण्यापूर्वी वाक्य पुरते वाचावे आणि त्यात तो शब्द कोणते काम करतो, ते पाहावे.