आयशिशोकचे चेहरे : छायाचित्राची मागची बाजू

१/ वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयात तीन मजले उंचीचा एक मनोरा आहे. त्याच्या भिंती आतून छायाचित्रांनी मढवलेल्या आहेत. लग्नातील वऱ्हाड, सायकलीसह उभा तरुण, शाळेचा वर्ग, मांडीवर नातवंड घेतलेली आजी. सुमारे १,००० छायाचित्रे, आणि सारी एकाच गावाची. यिद्दिश भाषेत त्या गावाचे नाव आयशिशोक. आज ते लिथुआनियात, विल्निअसच्या दक्षिणेस आहे.

२/ सप्टेंबर १९४१च्या अखेरीस, अवघ्या दोन दिवसांत, जर्मन पथकाने स्थानिक साहाय्यकांच्या मदतीने या गावातील व आसपासच्या ज्यूंना गोळ्या घालून ठार केले. पथकाचा प्रमुख कार्ल येगर याने १ डिसेंबर १९४१च्या अहवालात या हत्याकांडाची एका ओळीत नोंद केली : ९८९ पुरुष, १,६३६ स्त्रिया, ८२१ मुले. एकूण ३,४४६. नाव एकाचेही नाही.

३/ शतकानुशतके नांदलेल्या ज्यू वस्तीचा शेवट मारेकऱ्याने असा आकड्यांत मांडला. मनोऱ्यातील छायाचित्रे त्या आकड्यांना दिलेले उत्तर आहेत. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा : गावच पुसले गेले, तर छायाचित्रे कशी वाचली?

४/ याचे उत्तर स्थलांतरात आहे. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून २० लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले. दारिद्र्य, रशियन साम्राज्यातील निर्बंध आणि ज्यूंवरील हल्ले ही त्यामागची मुख्य कारणे. घरटी एखादा मुलगा, एखादी बहीण न्यूयॉर्कला किंवा शिकागोला गेलेली असे. मागे राहिलेले आईवडील त्यांना पत्रे धाडत आणि पत्रांसोबत छायाचित्रे. ज्यू नववर्षाला शुभेच्छा म्हणून कुटुंबाचे छायाचित्र पाठवण्याची प्रथाच पडली होती.

५/ १९२४च्या कायद्याने अमेरिकेने प्रत्येक देशासाठी प्रवेशाचा कोटा ठरवला आणि त्यासाठी आधार धरला १८९०च्या जनगणनेचा, म्हणजे पूर्व युरोपीय मोठ्या संख्येने येण्यापूर्वीच्या काळाचा. दार जवळजवळ मिटले. आता पुन्हा भेट होईल याची खात्री उरली नाही. नातवाचा चेहरा आजीला दिसायचा तो कागदावरच. छायाचित्राचे मोल या विरहाने वाढवले.

६/ आयशिशोकमध्ये यित्झाक उरी काट्झ आणि त्यांची पत्नी आल्टे हे दांपत्य छायाचित्रे काढीत असे. त्यांची नात याफा एलियाख लहानपणी त्या संहारातून वाचली आणि पुढे अमेरिकेत इतिहासाची प्राध्यापक झाली. १९७९ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगासोबत पूर्व युरोपचा दौरा करताना तिने ठरवले की स्मारक उभारायचे ते मृत्यूचे नाही, जगण्याचे. मग वर्षानुवर्षे ती देशोदेशी विखुरलेल्या आयशिशोककरांची दारे ठोठावत राहिली. सुमारे ६,००० छायाचित्रे जमली. त्यांतील निवडक छायाचित्रे १९९३ साली खुल्या झालेल्या संग्रहालयात लागली.

७/ याच जगाची दुसरी छायाचित्रे अधिक प्रसिद्ध आहेत. १९३५ ते १९३८ दरम्यान रोमन विश्नियाक यांना एका अमेरिकी ज्यू मदतसंस्थेने पूर्व युरोपात पाठवले. निधी उभारण्यासाठी संस्थेला गरिबीचे दर्शन हवे होते. विश्नियाक यांनी ते समर्थपणे टिपले. पण १९८३च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकामुळे ‘पूर्व युरोपातील ज्यू म्हणजे फाटक्या कोटातील धर्मनिष्ठ, दीनवाणी माणसे’ ही प्रतिमा जगाच्या मनात रुजली. पुढे माया बेंटन या संशोधिकेने दाखवून दिले की त्यातील निवड एकांगी होती आणि काही चित्रांखालील कथने वस्तुस्थितीशी जुळत नव्हती.

८/ काट्झ दांपत्याच्या छायाचित्रांतली माणसे निराळी आहेत. ती छायाचित्रकाराला ओळखतात. ती हसतात, फॅशनचे कपडे घालतात, मित्रांच्या खांद्यावर हात टाकतात. परक्याने गरज म्हणून टिपलेला चेहरा आणि आपल्या माणसाला पाठवण्यासाठी स्वतः सजवलेला चेहरा, हे दोन वेगळे पुरावे आहेत. पाठ्यपुस्तके पहिला पुरावा सहज छापतात. दुसरा कुणाच्या तरी कपाटात पडून असतो.

९/ अर्थात कौटुंबिक छायाचित्रही निरागस नसते. त्याचा संदेश ठरलेला असतो : ‘आम्ही सुखरूप आहोत.’ कर्ज, आजारपण, घरातील भांडणे चौकटीबाहेर राहतात. अमेरिकेतून उलट येणाऱ्या छायाचित्रांतही कारखान्यातले बारा तास दिसत नाहीत, दिसते ती नवी हॅट. शिवाय ज्यांचे कुणीच परदेशी गेले नाही, ज्यांना छायाचित्राचे पैसे परवडले नाहीत, त्यांच्या खुणा उरण्याची शक्यता फार कमी. वाचलेले पुरावे म्हणजे संपूर्ण गाव नव्हे. मनोऱ्यापुढे उभे राहताना हेही ध्यानात ठेवावे लागते.

१०/ तरीही या छायाचित्रांकडे केवळ ‘लवकरच मरणार असलेली माणसे’ म्हणून पाहणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. १९२८ साली कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मुलीला १९४१ ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होता अमेरिकेतला मामा. त्याच्यासाठी तिने केस विंचरले होते. तिचा शेवट आपल्याला माहीत आहे म्हणून तिचे सारे आयुष्य त्या शेवटाची प्रस्तावना ठरत नाही.

११/ म्हणूनच छायाचित्राची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची. तिथे नाव असते, तारीख असते, कुणी कुणाला पाठवले ते असते. आयशिशोककरांचा असा मजकूर यिद्दिशमध्ये, हिब्रू लिपीत. अमेरिकेत वाढलेल्या नातवंडांची भाषा इंग्रजी. चेहरा वारशात मिळतो, अक्षर मिळत नाही. नाव वाचणारा शेवटचा माणूस गेला की छायाचित्रातील आत्या ‘एक ज्यू स्त्री’ एवढीच उरते आणि येगरच्या रकान्यात परत जाते.

१२/ मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. १९४८नंतर कोकणातील व मुंबईतील हजारो बेने इस्रायली इस्रायलला गेले. अश्दोद, दिमोना, लोद, रामले अशा गावांत स्थिरावले. त्यांचे स्थलांतर संहारातून झालेले नाही, त्यामुळे दोन्ही इतिहास एका मापाने मोजता येत नाहीत. पण अक्षराचा पेच तोच आहे. रोहा, पेण, अलिबागकडची नाती सांगणारा मराठी मजकूर हिब्रूत वाढलेल्या नातवंडांना कोण वाचून दाखवणार? तो वाचू शकणारी पिढी आज वृद्ध आहे.

१३/ एलियाख यांच्या कामाचा धडा कुठल्याही घराला लागू पडतो. जुने छायाचित्र केवळ स्कॅन करून ठेवल्याने इतिहास वाचत नाही. घरातील वडीलधाऱ्यांसमोर ते ठेवून विचारावे लागते : डावीकडून तिसरी कोण? कोणत्या साली, कुठे काढले? कुणाला पाठवले होते? चित्रात कोण नाही, आणि का? ही उत्तरे मागच्या बाजूवर मऊ पेन्सिलने, आणि शिवाय वेगळ्या वहीत, आजच लिहून ठेवलेली बरी. येगरला एका ओळीत जे संपवता आले, ते पुन्हा नावानिशी उभे करायला एलियाख यांना सतराएक वर्षे द्यावी लागली.