फोर बाय फोर आली म्हणून पाणंद झाली नाही



नवी गाडी दारात येऊन तीन आठवडे झाले. डिझेल, उंच, फोर बाय फोर. रोज दोन-चार जण विचारतात, "कशीय? शेतकऱ्यानं घ्यावी का?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला जाहिरात करायची नाही आणि कंपनीशी भांडणही नाही. भांडण आहे ते दुसऱ्याच गोष्टीशी, त्यावर येतोच.

आधी चांगलं. आमचा आखाडा डांबरी सडकेपासून पावणेदोन किलोमीटर आत, सगळी वाट काळ्या रानातली. पावसाळ्यात जिथं मोटारसायकल ढकलत न्यावी लागते, तिथून ही गाडी लो रेंजवर, दुसऱ्या गिअरात, रेस न करता सावकाश निघते. टायरची हवा ३२ वरून २२ वर आणली की अजून सोपं जातं. मात्र सडकेला लागायच्या आधी हवा परत भरायची, म्हणून छोटा पंप गाडीतच ठेवा. आणि कोरड्या डांबरीवर फोर व्हील लावून पळवू नका. वळणावर पुढची-मागची चाकं कमी-जास्त फिरतात, त्याचा ताण सगळा गिअरवर येतो.

आता उणं. सोबत आलेले टायर सडकेचेच. काळी माती नक्षीत भरली की टायर गुळगुळीत होतो, मग चारही चाकं फिरून उपयोग काय? खताच्या पाच गोण्या टाकायच्या तर मागची सीट पाडावी लागते. डिझेल माझ्या वहीप्रमाणं ६१० किलोमीटरला ५२ लिटर, म्हणजे लिटरला पावणेबारा.

तिसरी गोष्ट पोरांसाठी. वाफसा नसताना ही गाडी रानात घालू नका. टायरमध्ये हवेचा जेवढा दाब, साधारण तेवढाच मातीवर पडतो. ट्रॅक्टरचं मागचं टायर १२ ते १६ पौंडांवर चालतं, ही गाडी त्याच्या दुप्पट. ओली माती दबली की तिच्यातली हवा जाते, पाणी मुरत नाही, मुळी खाली जायची ती आडवी पळते. रील पंधरा सेकंदांची, चाकोरी हंगामभर राहते.

आता भांडणाचं.

जाहिरातीत या गाड्या ओढ्यातून, चिखलातून उडताना दाखवतात. वाटावं, खास आपल्यासाठीच बनवल्यात. मग कराचा कागद बघा. जीएसटीत एसयूव्हीची खूण काय होती? लांबी ४ मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. अशा गाडीला २८ टक्के कर आणि वर २२ टक्के सेस. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ४० टक्क्यांवर आलं. त्याच दिवशी ट्रॅक्टरचा कर १२ वरून ५ झाला, ते बरंच झालं. पण ज्या उंचीशिवाय मला माझ्या आखाड्यावर जाता येत नाही, ती उंची कराच्या हिशोबात चैन! वाट सरकारी नकाशावर आहे, ती नीट नाही म्हणून उंच गाडी घ्यायची, आणि त्या उंचीचा कर परत सरकारलाच भरायचा.

तरी सरकारपेक्षा मला भीती आपलीच जास्त वाटते. आमच्या वाटेवर चौदा खातेदार. फोर बाय फोर एकाकडं. बाकी तेरा जणांची हळद, दुधाचे कॅन, बाळंतीण लेक, हे सगळं त्याच चिखलातून जातं. गावोगावी बघतोय, ज्याच्या दारात अशी गाडी आली त्याला पाणंदीच्या अर्जावर सही करायला वेळ मिळत नाही. बोअरच्या वेळी हेच झालं. ज्यानं त्यानं आपापला बोअर पाडला आणि सार्वजनिक विहिरीचा गाळ काढायला कुणी फिरकेना. रस्त्याचंही तसंच होणार असेल तर ही गाडी गावाला महागात पडली म्हणायची.

कायदा नाही असं नाही. जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३: बांधावरून वाट द्यायचा अधिकार तहसीलदाराला. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५: चालती वाट कुणी अडवली तर ती मोकळी करून मिळते. २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली. मे २०२५ मध्ये शासनानं शेतरस्ता ३ ते ४ मीटरचा करावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घ्यावी असा निर्णय काढला. कागद भरपूर आहे. अडतं ते बांधाच्या दोन फुटांवर, आणि अडवणारा मुंबईचा नसतो, आपलाच भाऊबंद असतो.

कुणी म्हणेल, मग तू कशाला घेतलीस? घरात म्हातारी आई आहे. रात्री-अपरात्री पावसात दवाखाना गाठायचा तर वाट होईपर्यंत थांबता येत नाही. गाडी घेतली ती बरोबरच घेतली. पण उद्या त्या वाटेवर नीट खडी-मुरूम पडला तर साध्या पिकअपवर माझं सगळं काम भागेल, तेही पाच गोण्यांऐवजी पंचवीस गोण्या टाकून.

म्हणून विचारणाऱ्यांना उत्तर असं: गरज असेल, हप्ता झेपत असेल, तर घ्या. पण शेतकऱ्याची गाडी म्हणून तिचे गोडवे गाऊ नका. शेतकऱ्याला आधी रस्ता लागतो.

आणि ज्यांच्याकडं आधीच आहे त्यांना एक काम. भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढा, वाटेवरचे गट नंबर लिहा, खातेदारांना बसवा आणि तहसीलदाराच्या अर्जावर पहिली सही तुम्ही करा. आमच्या अर्जावर चौदातल्या नऊ सह्या झाल्यात. पाच राहिल्यात, त्यातले दोघे हे पान वाचतात. वाट बघतोय.