घाईचे कोणते, महत्त्वाचे कोणते?

संगणकांच्या जाळ्यात माहिती छोट्या पुडक्यांच्या रूपाने धावते. या पुडक्यांना पॅकेट म्हणतात. डेटा सेंटरमधील संगणक स्विच नावाच्या यंत्राने जोडलेले असतात. एकाच वाटेवर क्षमतेपेक्षा जास्त पॅकेटे आली, की स्विच त्यांना रांगेत उभे करतो. आधी कोणाला सोडायचे? इथरनेट पद्धतीत दर्जा नोंदवण्यासाठी ३ बिटांची सोय आहे; म्हणजे २×२×२ = ८ दर्जे.

‘वरच्या दर्जाला नेहमी आधी सोडा’ हा नियम सोपा खरा. पण वरची रांग कधी संपलीच नाही, तर खालची उपाशी राहते. माहितीची राखीव प्रत बहुधा खालच्याच रांगेत असते. तिला घाई नसते, पण यंत्र बिघडले की तीच तारते.

म्हणून माझ्या मते प्रत्येक रांगेला किमान वाटा बांधून द्यावा. रांगा वेगळ्या ठेवून पाळीपाळीने सोडण्याची कल्पना जॉन नेगल यांनी १९८५ सालीच मांडली होती. समजा, वाट सेकंदाला १० गिगाबिटची आहे आणि राखीव प्रतीचा वाटा २० टक्के, म्हणजे २ गिगाबिट. १ टेराबाइट म्हणजे ८,००० गिगाबिट. ते ४,००० सेकंदांत, सुमारे ६७ मिनिटांत पोचतील. इतर रांगा रिकाम्या असल्या, तर त्यांचा वाटाही हिला वापरता येईल आणि काम लवकर आटपेल.

अग्रक्रमाने वाट रुंद होत नाही. एकाला आधी सोडले, की दुसरा थांबतोच. तो किती थांबेल, हे आधीच ठरवायला हवे. वाटा ५ टक्केच ठेवला तर किती वेळ लागेल? गणित करून पाहा!