विश्लेषण : मेसच्या ताटात ‘लो-कार्ब’ कसे बसवायचे?

‘कार्ब्स बंद केलेत’ हे वाक्य पूर्वी जिममध्ये ऐकू यायचे. आता ते वसतिगृहांत, अभ्यासिकांत आणि मेसच्या रांगेतही ऐकू येते. पोळी आणि भात नाकारायचा, उरलेल्या भाजी-आमटीवर जेवण उरकायचे आणि रात्री भूक लागली की पाणी पिऊन झोपायचे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. मोबाइलवरच्या रील्समध्ये दिसणारा लो-कार्ब आहार मात्र वेगळा असतो. त्यात पनीर असते, चिकन असते, बदामाचे पीठ आणि अ‍ॅव्होकाडो असतो. मेसच्या ताटात यातले जवळपास काहीच नसते. त्यामुळे ही आहारपद्धती चांगली की वाईट, या वादापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. महिन्याच्या ठरावीक पैशांत, दुसऱ्याने शिजवलेल्या अन्नावर आणि खोलीत गॅस नसताना ती पाळता येते का?

लो-कार्ब म्हणजे नेमके किती?

कार्ब्स म्हणजे कर्बोदके. धान्य, साखर, बटाटा, फळे, दूध, डाळी या सगळ्यांत ती कमी-अधिक असतात. एक ग्रॅम कर्बोदकातून चार कॅलरी मिळतात, प्रथिनातूनही चारच आणि स्निग्धांशातून नऊ. दिवसाला साधारण १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेतली तर त्याला लो-कार्ब म्हटले जाते. कीटो हा त्यातला सर्वांत कडक प्रकार. त्यात मर्यादा २० ते ५० ग्रॅमची असते.

कल्पना नवी नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी साखर-पाव सोडून वजन कसे उतरवले, याची पुस्तिका १८६३ मध्ये काढली होती. कीटो आहार १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये पुढे आला तो वजनासाठी नव्हे, तर अपस्माराच्या रुग्णांसाठी. १९७२ मध्ये डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने लो-कार्बला घराघरांत नेले. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवण्याची पद्धत रुजवली. ती लो-कार्ब नाही, पण ‘इन्सुलिन’ हा शब्द मराठी घरांतल्या गप्पांत आला तो बराचसा तिच्यामुळे. आज मेसमध्ये पोळी नाकारणाऱ्या मुलाने तो बहुधा घरीच पहिल्यांदा ऐकलेला असतो.

मेसच्या ताटाचा हिशेब काय सांगतो?

घरगुती आकाराच्या एका पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदके असतात. वाटीभर भातात ४०. बटाट्याच्या भाजीत १५, पातळ वरणाच्या वाटीत १०. चार पोळ्या आणि वाटीभर भात घेणाऱ्याच्या एका जेवणात १४५ ग्रॅम झाली, दोन वेळची २९०. सकाळचे पोहे आणि चहा मिळून ५५ ते ६०, संध्याकाळचा वडापाव आणि चहा ४५ ते ५०. म्हणजे दिवसाला ४००च्या घरात. ढोबळ हिशेब आहे, पण चित्र खरे आहे.

हे केवळ विद्यार्थ्यांपुरते नाही. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार भारतीय प्रौढांच्या एकूण कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. थोडक्यात, ताटात कर्बोदके जास्त आहेत, ही विद्यार्थ्यांची शंका बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर.

कीटोच्या ५० ग्रॅमच्या मर्यादेत दोन पोळ्या आणि एक वाटी वरण बसते. एका जेवणाला नव्हे, दिवसभराला. मेसवर अवलंबून असलेल्याला कीटो करता येत नाही, हे इथेच स्पष्ट व्हायला हवे.

पोळी सोडली की आणखी काय जाते?

ही बाब सर्वाधिक दुर्लक्षित आहे. पोळी म्हणजे फक्त कर्बोदके, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात एका पोळीत तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनेही असतात. चार पोळ्यांतून १३ ग्रॅम आणि भातातून ४ ग्रॅम. मेसच्या पातळ वरणात डाळ असते ती १५ ग्रॅमच्या आसपास. त्यातून प्रथिने मिळतात साडेतीन ग्रॅम. भाजीतून दोन. म्हणजे त्या ताटातल्या २२-२३ ग्रॅम प्रथिनांपैकी तब्बल १७ ग्रॅम पोळी-भातातूनच येतात. पोळी आणि भात बाजूला सारणारा विद्यार्थी कर्बोदकांबरोबर तीन चतुर्थांश प्रथिनेही ताटाबाहेर टाकतो. उरते ती तेलाचा तवंग असलेली भाजी आणि वरणाचे पाणी.

आयसीएमआरच्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. पोळी-भात वजा केलेल्या दोन ताटांतून मिळतात जेमतेम ११ ग्रॅम. याला लो-कार्ब म्हणणे ही आहारशास्त्राची थट्टा आहे. याचे साधे नाव अर्धपोटी राहणे असे आहे.

पण वजन तर उतरते, त्याचे काय?

उतरते, आणि झटपट उतरते. त्यामागे एक साधे कारण आहे. शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर ठेवते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके थांबली की हा साठा संपतो आणि पाणी निघून जाते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारे दीड-दोन किलो बरेचसे हेच. रविवारच्या फीस्टला गुलाबजाम, पुरी आणि पुलाव झाला की ते परत येतात. सोमवारी पुन्हा ‘कडक’ सुरू. असे महिनोन्‌महिने चालते आणि ‘आपल्याला डाएट जमतच नाही’ असा न्यूनगंड तेवढा उरतो.

या चक्रात अभ्यासाचेही नुकसान होते. मेंदूला कर्बोदके नसली की तो बंद पडतो, हे खरे नाही. मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, पण ते न मिळाल्यास शरीर थोडे ग्लुकोज स्वतः बनवते आणि मेंदू कीटोनवर काम चालवू लागतो. मात्र या बदलाला काही दिवस लागतात आणि त्या दिवसांत डोके दुखते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पाच दिवस कीटो आणि दोन दिवस मिसळ-पाव करणारा विद्यार्थी कायम याच उंबरठ्यावर राहतो. कीटोचा फायदा पदरात नाही, त्रास मात्र पुरा. सत्र परीक्षेच्या किंवा एमपीएससी पूर्वपरीक्षेच्या महिन्यात हा प्रयोग सुरू करणे म्हणजे आपणहून विघ्न ओढवून घेणे.

दुसरा मुद्दा स्नायूंचा. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे त्या एका चित्राने जगाला समजावले. अशा शरीराने प्रथिने तोडून वजन घटवले तर चरबीबरोबर मुळात कमी असलेला स्नायूही जातो. काटा खूश, शरीर नाखूश.

पोळीऐवजी भाकरी चालेल?

भाकरी उत्तमच आहे, पण ती लो-कार्ब नाही. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कर्बोदकांत फारसा फरक नसतो आणि एका भाकरीला जवळपास दोन पोळ्यांचे पीठ लागते. वर उल्लेखलेल्या इंडियाबच्या विश्लेषणातही, एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून फक्त गहू किंवा भरडधान्यांकडे वळल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. काही कर्बोदकांच्या जागी डाळी किंवा दुधातली प्रथिने आली, तिथे तो कमी दिसला. उपवासाची साबुदाणा खिचडी तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. ‘आज उपवास आहे, म्हणजे कार्ब्स नाहीत’ असे समजणारेही आहेत!

मग कमी करायचेच नाही का?

करायचे, पण बंद करायचे नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डाएटफिट्स’ चाचणीत ६०९ जणांना वर्षभर लो-कार्ब किंवा लो-फॅट आहारावर ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा लो-कार्ब गटाचे वजन सरासरी सहा किलोने आणि लो-फॅट गटाचे ५.३ किलोने घटले होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भाज्या भरपूर खायला सांगितले होते. वर्षभर पाळता येईल ते पथ्य उपयोगाचे, इतका सरळ अर्थ त्यातून निघतो. आणि मेसच्या मुलाला वर्षभर पाळता येईल असे एकच आहे, ते म्हणजे ४०० ग्रॅमवरून २००च्या आसपास येणे.

ते कसे साधते? चारऐवजी दोन पोळ्या, दुपारी अर्धी वाटी भात आणि रात्री अजिबात नाही. त्या बदल्यात वरणाची किंवा उसळीची दुसरी वाटी, आणि तीही तळातून ढवळून. सकाळी पोह्यांऐवजी दोन उकडलेली अंडी आणि वाटीभर मोडाची मटकी; अंडी खात नसेल त्याने दूध आणि भिजवलेले हरभरे. संध्याकाळी वडापावऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्री वाटीभर दही. एवढ्यात कर्बोदके निम्म्यावर येतात आणि अंडी असतील तर प्रथिने ६० ग्रॅमच्या पुढे जातात. चहातली साखर कमी केली तर आणखी बरे. दिवसाला चार ‘कटिंग’ पिणाऱ्यांनी ती आधी मोजून पाहावी. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे दीड पोळीइतकी कर्बोदके, तीही पोट न भरता.

खर्चाचे आणि मेसचे काय?

प्रथिनांचे डबे घेण्याआधी किराणा दुकान पाहावे. सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, शेंगदाण्यात २५, पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास. आणि या तिघांत पनीर सर्वांत महाग. अंडी इलेक्ट्रिक किटलीत उकडता येतात, हे वसतिगृहातल्या मुलांना सांगावे लागत नाही. अर्थात अनेक घरमालक आणि वसतिगृहे अंडी आणू देत नाहीत. तिथे शेंगदाणे, फुटाणे आणि ताक यांच्यावर भर द्यावा लागतो.

खरी अडचण मेसच्या अर्थकारणात आहे. पोळी-भात ‘अनलिमिटेड’ आणि भाजी-उसळ मोजून, अशी बहुतेक मेसची रीत. कारण उघड आहे, धान्य स्वस्त आणि डाळ महाग. मेसचालकाला दोष देऊन उपयोग नाही; महिन्याचा दर शंभर रुपयांनी वाढला तरी मुले दुसरी मेस शोधतात. पण दोन पोळ्या आणि भात सोडणाऱ्याला त्या पैशांत उसळीची जादा वाटी देणे बऱ्याच मेसना परवडू शकते. एकट्याने मागितली तर मेसवाल्या काकू हसून सोडून देतील, दहा जणांनी मागितली तर विचार करतील. महाविद्यालयांची वसतिगृहे तर हे निविदेतच लिहू शकतात. ‘प्रति विद्यार्थी इतकी डाळ’ अशी अट घालणे अवघड नाही. आहारतज्ज्ञांची व्याख्याने ठेवण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक दिसेल.

कोणी परस्पर प्रयोग करू नये?

टाइप-१ मधुमेह असलेल्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी कर्बोदके अचानक तोडली तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मधुमेहाच्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या घेणाऱ्यांना कीटोमुळे रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. सडपातळ व्यक्तींनी तूप-लोणी-चीजवर भर देऊन कीटो केल्यास काहींचे एलडीएल कोलेस्टेरॉल खूप वाढते. विशीत ते तपासायला कोणी जात नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पीसीओएस असलेल्यांना कर्बोदके बेताने कमी करण्याचा उपयोग होऊ शकतो, पण जेवणच तोडल्याने रक्तक्षय वाढतो. पाळी लांबली किंवा थांबली, केस गळू लागले, जिना चढताना धाप लागू लागली, तर ती ‘डाएट काम करतेय’ याची खूण नव्हे. आणि खोलीतली एखादी मैत्रीण जेवणाच्या वेळी रोज काही ना काही कारण काढत असेल, खाल्ल्यानंतर अपराधी वाटते म्हणत असेल, तर तिला आहाराचे तक्ते पाठवण्याऐवजी महाविद्यालयाच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे सोबत न्यावे.