डीपी बदलला… पुढे काय?

मागच्या २६ जानेवारीला तुमच्यापैकी किती जणांनी डीपीवर तिरंगा लावला होता? हात वर करा. ओके, आता खाली. घाबरू नका, ओरडणार नाहीये. रिटायर्ड कर्नल म्हटलं की लोकांना वाटतं, हा आता मिशा पिळत शिस्तीवर लेक्चर देणार. मला मिशा नाहीत आणि लेक्चर ऐकताना मी स्वतःही झोपतो.

हा विषय निघाला तो माझ्या पुतण्यामुळे. पुण्यात हिंजवडीला असतो, कोडिंग वगैरे करतो. दिवाळीला भंडाऱ्याला आला होता. सकाळी तर्री-पोहे खाता खाता म्हणाला, "काका, खरं सांगू? त्या दिवशी आम्ही सगळे स्टेटस टाकतो. दोन मिनिटं खरंच वाईट वाटतं. मग लंच. संध्याकाळी आपलंच आपल्याला फेक वाटतं. पण करायचं काय, ते कोणी सांगतच नाही."

पोराचा प्रश्न प्रामाणिक होता. त्याला उत्तर द्यायचं तर एक जुनी गोष्ट सांगणं भाग होतं. ती मी कधी मेसमध्येही कोणाला सांगितली नव्हती, कारण त्यात चूक माझी आहे.

काळी ट्रंक

फौजेतल्या जवानाचं सगळं घर एका काळ्या लोखंडी ट्रंकेत मावतं. वर पांढऱ्या पेंटने नंबर, रँक, नाव. जवान गेला की त्याच्या सामानाची यादी करायला अधिकाऱ्यांची कमिटी बसते. 'कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट' म्हणतात तिला. स्वेटर दोन, साबणाची डबी एक, घरून आलेली पत्रं इतकी. सगळं मोजायचं, लिहायचं, सही करायची आणि घरी पाठवायचं.

मी तेव्हा कंपनी कमांडर होतो, तिशीही गाठली नव्हती. आमच्या कंपनीतला एक मुलगा गेला. योगायोग असा की तोही भंडारा जिल्ह्यातलाच. सामानाच्या यादीवर माझी सही होती. शेवटची ओळ मला आजही पाठ आहे : कुलूप एक, चावी एक.

त्याच्या घरी मी मराठीत चार पानी पत्र लिहिलं. तो किती धीट होता, मित्रांना किती हवासा होता, सगळं मनापासून लिहिलं. पाकीट बंद केलं आणि वाटलं, आपलं कर्तव्य झालं.

मग पोस्टिंगवर पोस्टिंग. सुटीवर आलो की ठरवायचो, यंदा त्याच्या गावी जाऊन यायचं. माझ्या घरापासून गाव जेमतेम दीड तासावर. पण नाहीच गेलो. कामं होती, हे खोटं. खरं कारण एवढंच की त्याच्या आईसमोर बसून बोलायचं काय, याची भीती वाटायची. गोळीबाराची नाही वाटली तेवढी.

शेवटी गेलो तेव्हा अकरा वर्षं झाली होती. रोवणीचे दिवस होते. बांधीत बायका ओणव्या होऊन पऱ्हे लावत होत्या. त्यातूनच ती माउली चिखलाच्या पायांनी आली, पाय धुतले, चहा टाकला. घरात कोपऱ्यात ती ट्रंक. वर धुतलेलं फडकं, त्यावर मुलाचा फोटो. आणि कुलूप जसंच्या तसं.

मी विचारलं, "आई, ट्रंक उघडली नाही?"

"चाबी नाही आली जी, साहेब."

"मग कुलूप तोडायचं होतं ना…"

"पोराचं कुलूप आहे. कसं तोडाचं?"

अकरा वर्षं! माझं चार पानी पत्र तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं होतं. त्यात सगळं होतं. फक्त चावी नव्हती. ती कुठे पडली, कोणाच्या ड्रॉवरमध्ये राहिली, देव जाणे. चावी पाकिटात आहे की नाही, हे डोळ्यांनी न बघता मी सही ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या बाजारातून एका चावीवाल्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. त्याने अर्धा तास कानस घासली. कुलूप न तोडता उघडलं. आत काय होतं ते इथे लिहिणार नाही, ते त्या आईचं आहे. नवी चावी तिने पदराच्या टोकाला बांधली आणि आम्हाला जेवूनच जा म्हणाली.

दोस्तांनो, तेव्हापासून मोठमोठी भाषणं ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न येतो. ठीक आहे, पण चावी पोचली का?

नाव माहीत आहे?

तर पहिली गोष्ट, नाव. 'आपले जवान' असं मोघम म्हणणं सोपं असतं. नाव घेतलं की तो माणूस होतो.

२३ डिसेंबर २०१७. जम्मू-काश्मीरमध्ये राजौरी जिल्ह्यात, केरी सेक्टरमध्ये नियंत्रणरेषेजवळ गस्तीवर असलेल्या आपल्या तुकडीवर पाकिस्तानकडून गोळीबार झाला. त्यात मेजर प्रफुल्ल अंबादास मोहरकर गेले. वय ३२. आमच्या पवनी तालुक्यातले. पवनी म्हणजे वैनगंगेच्या काठचं जुनं गाव, तिथला बौद्ध स्तूप इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. ३२ वर्षं म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं आजचं वय. त्या वयात तुम्ही होम लोनच्या व्याजदराची चिंता करता. करा, जरूर करा, त्यात गिल्टी वाटायचं काही कारण नाही. एवढंच लक्षात ठेवा की तो तुमच्याच बॅचचा होता.

आता गंमत बघा. मेजर साहेबांचं नाव इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याच हल्ल्यात आणखी तिघं गेले, लान्स नाईक गुरमेल सिंग, लान्स नाईक कुलदीप सिंग आणि शिपाई परगट सिंग. ही नावं आमच्याकडे किती जणांना ठाऊक असतील? आणि तिकडे पंजाब-हरियाणातल्या त्यांच्या गावांत भंडाऱ्याच्या मेजरचं नाव किती जणांना? आपण आपापल्या जिल्ह्याचा माणूस लक्षात ठेवतो. फौजेत तसं चालत नाही. चौघं एकत्र गेले, चौघांची आठवण एकत्र काढायची.

दिल्लीला फिरायला गेलात तर इंडिया गेटपाशी फोटो काढून परत फिरू नका. शेजारीच राष्ट्रीय समर स्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं. तिथल्या 'त्याग चक्रा'त ग्रॅनाइटच्या विटांवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जणांची नावं कोरली आहेत. रोज संध्याकाळी एका वीराच्या घरच्या माणसाच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. रोज, नुसतं २६ जानेवारीला नाही. मला ही पद्धत आवडते. एका दिवशी एक माणूस, एक नाव.

वर्दी नसलेली सर्व्हिस

आता जरा वेगळं बोलतो.

२४ जानेवारी २०२५. प्रजासत्ताक दिनाला दोन दिवस होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्याकडे जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला. इमारतीचं छत खाली आलं. आठ कामगार गेले. त्या दिवशी भंडाऱ्यात प्रत्येकाचा फोन वाजत होता, कारण इथे प्रत्येकाचं कोणी ना कोणी त्या फॅक्टरीत असतं. मामा, मेव्हणा, शेजारी, शाळेतला मित्र.

ही फॅक्टरी साठच्या दशकातली. इथे स्फोटकं आणि प्रॉपेलंट बनतं. प्रॉपेलंट म्हणजे गोळी किंवा तोफगोळा नळीतून पुढे फेकणारी दारू. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही फॅक्टरी 'म्युनिशन्स इंडिया' या सरकारी कंपनीत आहे आणि त्या कंपनीचं हेडक्वार्टर आहे पुण्यात. म्हणजे पुणेकरांनो, तुमचाही संबंध आहे.

सीमेवर ट्रिगर दाबताना मी कधी विचार केला नव्हता की ही दारू कोणी कालवली. ती नीट बनली म्हणून गोळी गेली आणि मी आज हा कॉलम लिहितोय. जवाहरनगरचा कामगार सकाळी डबा घेऊन निघतो, गेटवर खिशातली काडीपेटी तपासून आत जातो आणि दिवसभर अशा मालाशी खेळतो, जिथे चुकीला माफी नाही. तो संध्याकाळी घरी येतो तेव्हा कोणी सॅल्यूट मारत नाही. आला नाही, तर पेपरात 'दुर्घटना' असा शब्द येतो.

मी शब्दांवरून भांडणारा माणूस नाही. फौजेच्या कागदावर तुमचा लाडका 'शहीद' हा शब्दसुद्धा नसतो, तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' असं लिहितात. शब्द काहीही असो, मागे राहिलेल्या घरात तेवढंच ताट कमी होतं. समर स्मारकावर कामगारांची नावं नसतात. ठीक आहे, ते स्मारक सैनिकांचं आहे. पण त्या आठ जणांची नावं माझ्या डायरीत आहेत. इथे छापत नाही, कारण घरच्यांना विचारल्याशिवाय छापणं मला पटत नाही. २४ तारखेला वाचतो आणि मगच २६ च्या झेंडावंदनाला जातो.

आजची चावी म्हणजे ओटीपी

बरं, आता कामाचं बोलू. पुतण्याचा प्रश्न होता, करायचं काय?

एक. तुमच्या सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या गेटवर उभा असलेला गार्ड कोण आहे, विचारलंत कधी? सैन्यात जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं सेवा लागते. त्यामुळे बरेच जण चाळिशीच्या आत बाहेर पडतात. मुलं शाळेत, बहिणीचं लग्न बाकी, मग दुसरी नोकरी आलीच. तुमच्यासाठी बूम बॅरियर उचलणारा माणूस कदाचित सियाचीनला राहून आलेला असेल. त्याला नावाने हाक मारा. 'ए वॉचमन' म्हणू नका.

दोन. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळतात. लाल, गडद निळा आणि फिका निळा असा छोटा झेंडा मिळतो, आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्ससाठी. पैसे द्या, छानच. पण बऱ्याच जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथे जाऊन विचारलंत की 'मला कॉम्प्युटर येतो, काही मदत करू का?' तर तेही छान.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. संरक्षण खात्याची पेन्शन आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवर आली आहे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुमच्यासाठी दहा मिनिटांचं काम. पण खेड्यातल्या सत्तरीच्या वीरपत्नीला किंवा हवालदाराच्या विधवेला लॉगिन, पासवर्ड, ओटीपी म्हणजे न येणारी चावीच. ट्रंक समोर आहे, पैसे तिचेच आहेत, कुलूप उघडत नाही.

त्या दिवाळीत मी पुतण्याला शेजारच्या गावी अशाच एका काकूंकडे नेलं. त्यांच्या बोटांचे ठसे मशीनला जुळत नव्हते. आयुष्यभर रोवणी आणि कापणी केलेल्या हातांवर ठसे उरतात कुठे? पुतण्याने फोनमध्ये चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय शोधून काढली. दोनदा नेटवर्क गेलं, एकदा काकू ऐन वेळी हसल्या. दीड तास ओसरीवर बसून काम झालं. पासवर्ड त्याने काकूंच्याच वहीत, त्यांच्याच समोर लिहून दिला, स्वतःकडे ठेवला नाही. हेही लक्षात ठेवा, मदत शेजारी बसून करायची, चावी मालकाकडेच राहिली पाहिजे.

निघताना काकूंनी नव्या धानाचे तांदूळ पिशवीत भरून दिले. पुतण्या नको नको म्हणत होता. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, घे म्हटलं.

परतताना गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी पण दाखला द्यावा लागेल ना त्यांना?"

"दरवर्षी."

"मग मी दरवर्षी येईन. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर टाकलाय."

मी काही बोललो नाही. गाडी वैनगंगेच्या पुलावर आली होती, खिडकी खाली केली.

येत्या २६ जानेवारीला डीपी जरूर बदला, मीही बदलतो. फक्त त्याआधी आजूबाजूला बघून ठेवा, कोणाच्या ट्रंकेची चावी अडकली आहे ते. एक जरी पोचवलीत, तरी पुरे.

जय हिंद. पुढच्या आठवड्यात भेटू.